रोमानियन विंगर: घरची लीग की थेट इटली?

अठराव्या वर्षी परदेशी फुटबॉल क्लबाकडून बोलावणं आलं तर विंगरने, म्हणजे मैदानाच्या कडेने हल्ला चढवणाऱ्या खेळाडूने, जावं की थांबावं, हा रोमानियात नेहमीचा वाद. समोर दोघं आहेत, दोघांचा जन्म १९९८चा: डेनिस मान आणि यानिस हाजी.

आधी मैदानावर खेळायला मिळालेली मिनिटं, कारण बाकी सगळं त्यावर ठरतं. यानिस २०१६ मध्ये इटलीच्या फिओरेन्टिना क्लबात गेला. सेरी आमध्ये, म्हणजे इटलीच्या अव्वल लीगमध्ये, जेमतेम दोन सामने मिळाले आणि २०१८ च्या सुरुवातीला तो वडिलांच्या, म्हणजे रोमानियाचे गाजलेले फुटबॉलपटू गिओर्गे हाजींच्या, विटोरुल क्लबात परत आला. मान त्याच २०१६ मध्ये अरादहून बुखारेस्टच्या एफसीएसबी क्लबात गेला, साडेचार वर्षं तिथेच खेळला.

पैसा? मान २०२१ च्या जानेवारीत इटलीच्या पार्मा क्लबात गेला तो कोटीच्या वर युरो मोजून घेतलेला खेळाडू म्हणून. एवढी किंमत मोजल्यावर कोणी सहज बाकावर बसवत नाही. तरी त्याच मोसमात पार्मा दुसऱ्या श्रेणीत घसरलं, ते वेगळं! २०२४ मध्ये संघ पुन्हा सेरी आमध्ये आला, आणि त्याच वर्षी युरो चषक स्पर्धेत युक्रेनविरुद्ध मानचे दोन असिस्ट (गोलसाठी दिलेले पास) होते.

यानिसचंही वाया गेलं नाही. पुढे बेल्जियमचं गेंक, मग स्कॉटलंडचं रेंजर्स. पण परतायला घरचाच क्लब होता. ही सोय किती पोरांना असते?

अंगात वेग असलेल्या, सामन्यांतूनच शिकणाऱ्या विंगरने घरी थांबावं. पाठीशी भक्कम आधार असेल आणि बाकावर बसायची तयारी असेल, तर खुशाल लवकर जावं.