स्नूपिंग की डिरेक्टरी? कॅशचा मेळ राखण्याचे दोन मार्ग

प्रोसेसरमधल्या प्रत्येक कोअरचा (हिशेब करणाऱ्या भागाचा) स्वतःचा कॅश असतो, म्हणजे मेमरीतल्या माहितीच्या प्रती ठेवणारी छोटी, जलद जागा. एकाने लिहिले की इतरांकडच्या प्रती जुन्या होतात; त्या वापरल्या जाऊ नयेत, यासाठी मेळ राखावा लागतो. चार-आठ कोअर एकाच बसवर (सामाईक वाहिनीवर) असतील, तर स्नूपिंगच घ्यावे. एखाद्या कोअरला ओळ (कॅशमध्ये एकत्र ठेवला जाणारा माहितीचा तुकडा) लिहायची असली की मागणी बसवर जाते, बाकीचे सगळे कॅश आपापले टॅग (कोणती ओळ आपल्याकडे आहे हे सांगणाऱ्या खुणा) तपासतात आणि ज्याच्याकडे ती ओळ असेल तो आपली प्रत रद्द करतो. बसवर मागण्या एकामागून एकच जातात, त्यामुळे लेखनांचा क्रम आपोआप ठरतो. हा फार मोठा फायदा आहे. मात्र प्रत्येक मिस (हवी ती ओळ आपल्या कॅशमध्ये न सापडणे) सगळ्यांना ऐकावा लागतो, म्हणून कोअर वाढले की बस तुंबते.

डिरेक्टरीत सगळ्यांना हाक मारावी लागत नाही. प्रत्येक ओळीचा एक ठरलेला घर-नोड असतो. प्रती कोणाकडे आहेत याची नोंद तिथे राहते. समजा कोअर ३ ला लिहायचे आहे आणि प्रती ५ व ९ कडे आहेत. घर-नोड फक्त त्या दोघांना रद्दचा निरोप धाडतो. दोघांची पोच आल्यावरच लेखन पक्के होते. पण बदललेली ओळ दुसऱ्याच कोअरकडे असेल, तर मागणारा, घर, मालक आणि परत असे तीन टप्पे पडतात.

शिवाय नोंदीला जागा लागते. ६४ बाइटची ओळ म्हणजे ५१२ बिट; दर कोअरला एक बिट धरला तर ६४ कोअरना १२.५ टक्के जादा, २५६ कोअरना तब्बल ५० टक्के.

वेगवेगळ्या कोअरवर चालणाऱ्या दोन थ्रेडचे (प्रोग्राममधल्या एकाच वेळी चालणाऱ्या कामांचे) वेगवेगळे काउंटर एकाच ओळीत पडले, तर मात्र दोन्ही पद्धती हतबल: दर लेखनाला ओळ इकडून तिकडे पळते. अशा वेळी काउंटर वेगवेगळ्या ओळींत ठेवा.