पुढचा एक्सल सुटा घ्यावा की जोडी?

फोर्ड ई-350 व्हॅन फोर-व्हील ड्राइव्ह करायची तर पुढचा एक्सल बहुधा पिकअपचाच येतो, हे तुम्हाला माहीत असणारच. अडतं ते त्याच्यापुढे. जंकयार्डात 2005 नंतरच्या सुपर ड्यूटीचे, म्हणजे फोर्डच्या जड पिकअपचे, पुढचा-मागचा दोन्ही एक्सल पडलेले असतात आणि विकणारा म्हणतो, हवा तर पुढचा एकटाच ने. न्यावा का? मी इथे कोलोरॅडोत दोन्ही करून बसलोय.

सुटा घेण्यात पहिला फायदा अर्थातच पैशांचा. दुसरा म्हणजे व्हॅनची मागची बाजू जशीच्या तशी राहते. जोडी आणली की मागे काम निघतंच: माझ्या गाडीला स्प्रिंगचे पाटे बसायच्या बैठका कापून नव्याने वेल्ड कराव्या लागल्या, पार्किंग ब्रेकची केबल करून घ्यावी लागली. त्यात दोन शनिवार-रविवार गेले. आणि पुढचा एक्सल, म्हणजे डाना 60 काय किंवा मागचा स्टर्लिंग काय, दोन्ही धूड. शेजाऱ्याला हाक मारल्याशिवाय हलत नाहीत.

रेशोचं, म्हणजे एक्सलच्या आतल्या गिअरच्या दातांच्या प्रमाणाचं बघा. सुटा घेताना तो व्हॅनच्या मागच्याशी जुळलाच पाहिजे, नाहीतर पुढच्या-मागच्या एक्सलला ताकद वाटणाऱ्या ट्रान्सफर केसचा जीव जातो. एक्सलवरच्या पट्टीवर 41 आणि 11 असे दात दिसले तर भागून 3.73 येतं. पट्टी गंजून गेली असेल तर कव्हर उघडून दात मोजा. विकणाऱ्याच्या शब्दावर जाऊ नका. एकाच गाडीतून निघालेल्या जोडीत ही कटकट नसते.

इथवर सुटाच बरा वाटेल. मलाही वाटला होता.

सुपर ड्यूटीची चाकं 1999 पासून 170 मिलिमीटरच्या वर्तुळावर आठ बोल्टांनी बसतात. ई-350 चीही आठच, पण साडेसहा इंचांवर, म्हणजे 165.1 मिलिमीटर. फरक जेमतेम पाच मिलिमीटरचा, नजरेला कळत नाही. सुटा बसवल्यावर मला तो युटातल्या मोआबच्या अलीकडे कळला, ऑगस्टच्या दुपारी. पुढच्या डाव्या टायरची बाजू दगडाने फाटली. स्टेपनी उतरवली, हबवर टेकवली, ढकलली, जाईना. वाटलं स्टडवर गंज असेल. ब्रश मारला, परत ढकलली. तिसऱ्यांदा वाकून पाहिलं तेव्हा लक्षात आलं की एक भोक जुळलं की समोरचं स्टडवर चढतंय. ती स्टेपनी व्हॅनच्या मागच्या चाकांच्या मापाची होती. टो ट्रक येईपर्यंत बायको सावली शोधत फिरली आणि मग शांतपणे म्हणाली, "आता दोन स्टेपन्या वागवायच्या का?"

वागवल्या. वर्षभर. एक मागच्या दारावर, दुसरी आत, मुलं जिथे झोपायची तिथे. एका मापाच्या हबवर दुसऱ्या मापाचं चाक बसवणारे अ‍ॅडॅप्टर मिळतात, नाही असं नाही, आणि ते लावून सुखाने फिरणारेही आहेत. पण मुळात त्या एक्सलची पुढची चाकं मागच्यापेक्षा बाहेर निघालेली दिसतात, त्यात अ‍ॅडॅप्टर चाक आणखी बाहेर ढकलतो. शिवाय त्याचे नट अधूनमधून आवळत बसायला माझा स्वभाव नाही. शेवटी जोडीच आणली, म्हणजे चारही चाकं एका मापाची.

एक अपवाद सांगायला हवा. 1992 ते 1997 च्या एफ-350 चा पुढचा डाना 60 साडेसहा इंचीच आहे, तो सुटा घेतलात तर चाकांचा प्रश्नच मिटला. (तेव्हाची एफ-250 मात्र घेऊ नका, तिचा पुढचा एक्सल मधून दुभंगलेला असतो.) असा धड एक्सल सापडला तर मीही विचार करेन. पण तो पाट्यांवरचा, आणि घाटात यू-टर्न घेताना 2005 नंतरच्या कॉइल स्प्रिंगवाल्याचं चाक किती जास्त वळतं हे एकदा अनुभवलं की मागे जाणं जड जातं. कॉइलवाला घेताना एक्सल जागेवर धरणारे दांडे, म्हणजे रेडियस आर्म, आणि चेसिसवरचे त्यांचे ब्रॅकेटही कापून मागा. ते मागाहून शोधायला गेलात तर वाचलेले पैसे तिथेच संपतात.

जोडी बसल्यावर माझा जुना सुटा विकायला काढला. घ्यायला आलेल्या मुलाकडे ई-350 च होती. त्याला भोकांचं सगळं समजावून सांगितलं, पण त्याला पुढचाच हवा होता. एक्सल ट्रेलरवर चढवला, आणि आतली ती दुसरी स्टेपनी पैसे न घेता त्याच्या अंगावर घातली.