सीआरएम ‘सुधारून’ देणाऱ्यांनी आमची केलेली फसवणूक

तुमच्या कंपनीत कोणी ‘सीआरएमची मोफत तपासणी करून देतो’ म्हणत आलं असेल, तर करारावर सही होण्याआधी हे वाचा. सीआरएम म्हणजे ग्राहकांची माहिती, व्यवहार आणि तक्रारी एका जागी ठेवणारी सॉफ्टवेअर सिस्टीम. आमचे पैसे गेले ते गेलेच. पण ग्राहकांच्या कित्येक वर्षांच्या नोंदी एकमेकींत मिसळल्या आणि त्या आता पूर्वीसारख्या होणार नाहीत, याचा मला जास्त राग आहे.

मी कस्टमर सपोर्ट सांभाळते. फोन आला की आधी त्या ग्राहकाचं पान उघडायचं, मागची टिकिटं (तक्रारींच्या नोंदी) बघायची, कोणी काय कबूल केलंय ते वाचायचं आणि मग बोलायचं, असं आमचं काम. आमची सिस्टीम जुनी होती. एकेका ग्राहकाच्या दोन-दोन नोंदी, बंद पडलेले नंबर, वर्षानुवर्षं ‘निगोशिएशन’मध्येच, म्हणजे बोलणी चालू या टप्प्यावरच, अडकून पडलेली विक्रीची डील्स, हे सगळं होतं. दुरुस्ती हवीच होती आणि मोफत तपासणी करून देतो म्हणत आलेल्या सल्लागारांनी नेमकं तेच हेरलं.

मोफत तपासणीसाठी त्यांनी सरळ ॲडमिन लॉगिन मागितलं. तपासणीला ते लागत नाही. फक्त वाचण्याचा अधिकार असलेला युजर काढून दिला तरी अहवाल व्यवस्थित बनतो. मग अहवाल आला, भरपूर रंगीत तक्त्यांचा. त्यात लिहिलं होतं, तुमच्या जवळजवळ एक तृतीयांश नोंदी डुप्लिकेट आहेत. हा आकडा त्यांनी फक्त कंपनीचं नाव जुळवून काढला होता. एकाच रुग्णालय समूहाच्या पाच शाखा, पाचही ठिकाणचे खरेदी अधिकारी वेगळे, बिलं वेगळी, तक्रारी वेगळ्या, तरी त्यांच्या हिशेबात एक खरी आणि चार डुप्लिकेट. डुप्लिकेट ओळखायचं तर नावाबरोबर ईमेल, फोन, पत्ता, कर नोंदणी क्रमांक असं काहीतरी जुळवून बघावं लागतं. आमच्या एका सहकाऱ्याने त्या आकड्यामागची यादी मागितली, तर उत्तर आलं, ‘तो आमच्या टूलचा अंतर्गत डेटा आहे.’ कोणी असं उत्तर दिलं तर तिथेच थांबा. तुमच्याच डेटातून काढलेली यादी तुमच्यापासून लपवायचं काहीही कारण नसतं.

खरी मेख करारात होती. पैसे तीन हप्त्यांत द्यायचे आणि प्रत्येक हप्ता डॅशबोर्डवरच्या (सिस्टीमचे आकडे एकत्र दाखवणाऱ्या पानावरच्या) एका आकड्याला बांधलेला: डुप्लिकेट किती कमी झाले, भरलेली फील्ड्स (नोंदीतले रकाने) किती वाढली, किती लोक रोज सिस्टीम वापरतात. ऐकायला चोख वाटतं. पण हे तिन्ही आकडे त्यांना स्वतःच हलवता येत होते, ग्राहकाच्या कामात तसूभरही फरक न पडता.

डुप्लिकेट कमी करायला त्यांनी सरसकट मर्ज मारलं, म्हणजे वेगवेगळ्या नोंदी एकत्र करून एकच ठेवली. रिकामी फील्ड्स भरायला स्क्रिप्ट चालवली: ‘उद्योग’ रिकामा असेल तिथे ‘इतर’, फोन नसेल तिथे सगळे नऊ. वर डझनभर फील्ड्स सक्तीची करून टाकली, त्यामुळे सेल्सवाले नवीन लीड (संभाव्य ग्राहक) टाकताना नुसता टिंब देऊन पुढे जायला लागले. वापर वाढवायला रजेचा अर्ज सीआरएममधून करायची सोय केली. सगळे लॉगिन करायला लागले, डॅशबोर्ड हिरवागार झाला, हप्ते निघाले.

मला हे कळलं ते त्या रुग्णालयाच्या एका शाखेतून फोन आला तेव्हा. बाई म्हणाल्या, ‘मागच्या वेळी तुमच्या माणसाने मशीन बदलून द्यायचं कबूल केलं होतं, त्याचं काय झालं?’ मी पान उघडलं. पाचही शाखांची टिकिटं एकाखाली एक, कुठलं कुठल्या शाखेचं ते कळायला मार्ग नाही. संपर्क म्हणून दुसऱ्याच शाखेतल्या माणसाचं नाव. फोनच्या जागी नऊच नऊ. त्या बाई लाइनवर होत्या आणि त्यांना सांगण्यासारखं माझ्याकडे काही नव्हतं. नंतर मी सगळ्या नोंदी ‘शेवटचा बदल कोणी केला’ यावर लावून पाहिल्या. हजारो नोंदी, सगळीकडे सल्लागारांचा एकच युजर, एकाच रात्रीतल्या वेळा. इतक्या ग्राहकांची माहिती माणसाने बसून तपासली असती तर त्या वेळा अशा दिसल्या नसत्या. ही तपासणी कोणालाही पाच मिनिटांत करता येते, जरूर करा.

मर्ज म्हणजे नेमकं काय होतं, हे आधीच समजून घ्या. एक नोंद मुख्य म्हणून राहते. दुसरीतली जी मूल्यं निवडली नाहीत ती जातात आणि तिला जोडलेले कॉल, टिकिटं मुख्य नोंदीखाली मिसळतात. काढून टाकलेल्या नोंदी परत आणायलाही मुदत असते. सेल्सफोर्स आणि हबस्पॉट या दोन सीआरएम सॉफ्टवेअरचंच घ्या: सेल्सफोर्सच्या रिसायकल बिनमध्ये त्या १५ दिवस राहतात, हबस्पॉटमध्ये पुसलेले संपर्क ९० दिवसांत परत आणता येतात. जुनी मूल्यं दाखवणारा फील्ड इतिहास काही सिस्टीममध्ये आधीपासून चालू ठेवलेला असेल तरच मिळतो. सेल्सफोर्समध्ये तो साधारणपणे एका ऑब्जेक्टच्या (एका प्रकारच्या नोंदींच्या) २० फील्ड्सपुरताच ठेवता येतो. आमची मुदत उलटून गेली होती. हिशेब विभागातल्या एकाने स्वतःच्या कामासाठी काढून ठेवलेली जुनी सीएसव्ही फाइल सापडली, तिच्यावरून आम्ही शाखा हाताने पुन्हा वेगळ्या करतोय. मधल्या काळातले संवाद मात्र गेले.

शिवाय त्यांनी वरच्या दर्जाचं महागडं लायसन्स घ्यायला लावलं होतं. सॉफ्टवेअर विकणाऱ्याकडून त्यांना त्यावर कमिशन मिळतं, हे आम्हाला नंतर समजलं. कमिशन घेण्यात गैर नाही. पण निष्पक्ष तपासनीस म्हणवून घ्यायचं आणि ते लपवायचं, ही फसवणूकच. ‘या शिफारशीतून तुम्हाला कोणाकडून काही मिळतं का’ हे लेखी विचारा.

पुढे आम्ही दुसऱ्या एका बाईंना बोलावलं, तेव्हा खरी तपासणी कशी असते ते पाहिलं. त्या आधी सेल्सवाल्यांच्या शेजारी जाऊन बसल्या आणि प्रत्येकाला विचारलं, तुमची स्वतःची एक्सेल कुठे आहे? जिथे लोक चोरून एक्सेल ठेवतात तिथेच सीआरएम कमी पडतंय, असं त्यांचं म्हणणं, आणि ते अगदी बरोबर निघालं. त्यांनी ‘जिंकलेली’ डील्स हिशेब विभागाच्या बिलांशी ताडून पाहिली. आधीच्या मंडळींनी बिलं कधी मागितलीच नव्हती. मग पन्नासेक नोंदी चिठ्ठ्या टाकल्यासारख्या उचलून त्यांनी थेट ग्राहकांना फोन लावले. मर्ज करायचं तर आधी पूर्ण एक्स्पोर्ट, मग थोड्या नोंदींवर चाचणी आणि प्रत्येक जोडीवर त्या ग्राहकाला ओळखणाऱ्या आपल्या माणसाची संमती, हा त्यांचा नियम. वेळ लागतो, लागू द्या.

तुमच्याकडे असं काही घडून गेलं असेल, तर नुसता त्यांचा पासवर्ड बदलून भागणार नाही. जोडलेल्या ॲप्सची आणि एपीआय टोकनची (बाहेरच्या सॉफ्टवेअरला आत यायला दिलेल्या किल्ल्यांची) यादी उघडा, त्यांच्या नावावर चालणारे ऑटोमेशन आणि ठरावीक वेळी बाहेर मेल होणारे रिपोर्ट शोधा. आमच्याकडे त्यांचा युजर बंद केल्यावरही ग्राहकांच्या पूर्ण यादीचा एक रिपोर्ट दर सोमवारी त्यांच्या ईमेलवर जात होता, कारण तो आमच्याच एका कर्मचाऱ्याच्या नावाने लावून ठेवलेला होता. तो आम्ही बंद केला, मेलच्या प्रती जपून ठेवल्या, आणि आता तक्रारीच्या कागदांत त्या जोडल्या आहेत.