पास्कलचे ‘पाँसे’ : काही महिन्यांच्या वाचनानंतर आणि बांधणी सुटल्यानंतर

सतराव्या शतकातला फ्रेंच गणितज्ञ आणि विचारवंत ब्लेझ पास्कल याच्या ‘पाँसे’ची (म्हणजे ‘विचार’) जी इंग्रजी पेपरबॅक आवृत्ती मी गेल्या पावसाळ्यात मागवली, तिची बांधणी आता पूर्ण सुटली आहे. ती सुटली नेमकी ‘विरंगुळा’ या प्रकरणापाशी, कारण पुस्तक सर्वाधिक वेळा तिथेच उघडले गेले. पाने शिवलेली नाहीत, पाठीला नुसती डिंकाने चिकटवलेली आहेत, आणि एवढी किंमत घेऊन असे पुस्तक विकणे मला मान्य नाही. विक्रेत्याने परतीची मुदत संपल्याचे कळवले. वितरकाने हे नुकसान वापरामुळे झाले आहे, असे उत्तर दिले. पुस्तक वाचण्यासाठीच घेतले जाते आणि अशा पुस्तकाची तीच पाने पुन्हा पुन्हा उघडली जाणार, हे पत्रे लिहूनही त्यांना पटवता आले नाही. शेवटी ओळखीच्या बाइंडरकडून कडेला भोके पाडून ते दोऱ्याने शिवून घेतले. ते आता टिकेल, परंतु आतल्या समासालगतचे शब्द पान ताणून वाचावे लागतात.

बांधणीपेक्षाही मोठी तक्रार क्रमांकांची आहे, आणि ती मी सविस्तर मांडणार आहे, कारण खरेदीपूर्वी ती मला कोणीही सांगितली नव्हती. पास्कल १६६२ साली वयाच्या ३९व्या वर्षी वारला तेव्हा ख्रिस्ती विश्वासाच्या समर्थनार्थ तो लिहीत असलेला ग्रंथ अपुरा होता. मोठ्या कागदांवर लिहायचे, मग कात्रीने एकेक विचार कापून वेगळा करायचा आणि कोपऱ्याला भोक पाडून दोऱ्यात ओवून त्यांच्या जुड्या बांधायच्या, अशी त्याची पद्धत होती. काही कागद जुड्यांत लागले, बरेचसे तसेच राहिले. ‘पाँसे’ म्हणजे हेच तुकडे, आणि त्यांचा क्रम काय असावा, यावर पुढच्या संपादकांचे एकमत झाले नाही. ब्राँश्विग यांनी १८९७ मध्ये विषयवार मांडणी केली. लाफ्युमा यांनी १९५१ मध्ये पास्कलच्या मृत्यूनंतर झालेल्या एका नकलेचा क्रम धरला, तर सेलिए यांनी १९७६ मध्ये दुसऱ्या नकलेचा. परिणामी एकाच परिच्छेदाला तीन क्रमांक मिळाले. माझ्या आवृत्तीत लाफ्युमांचे क्रमांक आहेत. जुने लेख, प्रवचने आणि टीकाग्रंथ मात्र बहुधा ब्राँश्विगांचे क्रमांक देतात, आणि या दोहोंची सांगड घालणारा तक्ता माझ्या आवृत्तीत नाही. चार-पाच पाने अधिक छापली असती तर वाचकाच्या कितीतरी संध्याकाळी वाचल्या असत्या. कुठल्याशा टिपेत ‘१३९’ असे दिसावे, ते आपल्या पुस्तकात उघडावे आणि तिथे भलताच मजकूर निघावा, हे मी वारंवार सोसले आहे.

सुरुवातीच्या काळात मी या पुस्तकाला तीनच तारे देणार होते. पास्कलची सर्वांत गाजलेली गोष्ट म्हणजे ती पैज : देव आहे की नाही हे बुद्धीने ठरत नाही, पण डाव तर लावावाच लागतो, मग जिंकल्यास सर्व काही मिळेल आणि हरल्यास काहीच जाणार नाही, अशा बाजूने तो लावावा. १६५४ मध्ये गणितज्ञ फर्माशी झालेल्या पत्रव्यवहारातून संभाव्यतेच्या गणिताचा पाया घालणाऱ्या माणसाला असा युक्तिवाद सुचणे स्वाभाविक होते. मला तो हिशेबी वाटला, आणि श्रद्धा हिशेबावर उभी करता येते यावर माझा विश्वास नाही. मी आठवड्यातून फार तर एकदा पुस्तक उघडत होते. मत पालटले ते विरंगुळ्यावरच्या दीर्घ तुकड्यामुळे.

माणसाच्या साऱ्या दुःखाचे मूळ, त्याला खोलीत स्वस्थ बसता येत नाही यात आहे, हे वाक्य सर्वत्र उद्धृत होते. ते एकटे वाचले की पास्कल आपल्याला घरी शांत बसण्याचा सल्ला देतो आहे, असे वाटते. पण वाक्याच्या पुढे जावे. तिथे एक माणूस आहे, ज्याचा एकुलता एक मुलगा काही महिन्यांपूर्वी वारला आहे आणि ज्याला आज सकाळपर्यंत खटले आणि भांडणे छळत होती. आता मात्र यांपैकी काहीही त्याच्या मनात नाही, कारण शिकारी कुत्रे सहा तासांपासून ज्या रानडुकराच्या मागे लागले आहेत ते कोणत्या वाटेने जाईल, हे पाहण्यात तो पूर्ण गढला आहे. पास्कल या माणसाची थट्टा करत नाही. एवढ्याने त्याचे मन भरते, कारण दुसरे काही त्याला सोसवणार नाही, हे तो जाणतो. लगेच पुढे जुगाऱ्याचे उदाहरण येते. त्याला रोज मिळू शकणारी रक्कम रोज सकाळी हातात द्या, अट इतकीच की खेळायचे नाही. तो दुःखी होईल. उलट पैसे न लावता नुसतेच खेळू द्या, तो कंटाळेल. म्हणजे त्याला पैसाही नको आहे आणि खेळही नको आहे. पैसा मिळाला की सुख मिळेल, अशी स्वतःची समजूत घालून ज्यात जीव गुंतवता येईल, असे काहीतरी त्याला हवे आहे. राजाभोवती माणसे असतात तीही त्याला स्वतःचा विचार करायला सवड मिळू नये म्हणून, असे पास्कल लिहितो. मृत्यू, हालअपेष्टा आणि अज्ञान यांवर इलाज सापडला नाही, म्हणून माणसांनी त्यांचा विचारच न करण्यात सुख मानले, हे त्याचे निदान आहे.

एकाग्रतेचे उपाय शोधणाऱ्यांनी हे पुस्तक घेऊ नये, असे मी स्पष्ट सांगते. मन विचलित होण्याचे दोन प्रकार पास्कल दाखवतो आणि ते एकमेकांत मिसळू नयेत. पहिला प्रकार दुबळेपणाचा. जगाचा न्याय करायला बसलेल्या या बुद्धीला विचलित करण्यासाठी तोफेची गरज नाही, वाऱ्याने फिरणाऱ्या दिशादर्शकाची किंवा कप्पीची करकर पुरते. माणसाचा विचार आत्ता नीट चालत नसेल तर आश्चर्य नको, कारण कानाशी एक माशी गुणगुणत आहे. दुसरा प्रकार पळण्याचा. त्यात माशी आपणहून येत नाही, आपण तिला बोलावतो. पहिल्यावर दार लावून घेणे हा इलाज होऊ शकतो, दुसऱ्यावर नाही, कारण बंद खोलीतच आपली गाठ आपल्या स्थितीशी पडते. रोज सकाळी प्रार्थनेला बसल्यावर मन कुठे जाते, हे मी अनेक वर्षे पहिल्या प्रकारातच मोजत आले होते आणि आवाज कमी करण्याच्या मागे होते. आता मी त्या वेळी माझे मन कशापासून दूर जात आहे, हे आधी पाहते.

एक आक्षेप मला बरेच दिवस टोचत होता. राजे, जुगारी आणि शिकारी यांची उदाहरणे ठीक आहेत, परंतु पहाटेपासून रात्रीपर्यंत पोटासाठी राबणाऱ्या बाईला विरंगुळ्याचे तत्त्वज्ञान सांगणे मला अन्यायाचे वाटे. याचे उत्तर थोड्याच पानांनंतर आहे, आणि क्रमांकांच्या गोंधळामुळे ते मला उशिरा सापडले. लहानपणापासून माणसांवर अब्रू, मालमत्ता, आप्तेष्ट, अभ्यास आणि कामे यांचा भार टाकला जातो. हा भार काढून घेतला तर त्यांना आपण कोण, कुठून आलो, कुठे चाललो हे दिसू लागेल, असे तो तिथे म्हणतो. म्हणजे कष्ट हेही त्याच्या हिशेबात आहेत. तरीही माझे पूर्ण समाधान झालेले नाही. ज्या माणसाने वडिलांच्या करवसुलीच्या कामासाठी १६४२ मध्ये गणनयंत्राची रचना सुरू केली आणि मरणाच्या वर्षी पॅरिसमध्ये पाच सू (जुने फ्रेंच नाणे) भाड्याच्या सार्वजनिक घोडागाड्या सुरू केल्या, त्याने दुसऱ्याच्या उपयोगी पडणारे काम आणि सशामागे धावणे यांत अधिक स्पष्ट रेषा ओढायला हवी होती.

सशाची शिकार पास्कलच्या या तुकड्यात पुन्हा पुन्हा येते, आणि त्यावरून संत ऑगस्टिनची आठवण होणे अपरिहार्य आहे. ‘कबुलीजबाब’ या आपल्या आत्मकथनाच्या दहाव्या भागात ऑगस्टिन लिहितो की शेतात सशामागे धावणारा कुत्रा दिसला की आपल्या मनातला मोठा विचारही मोडतो, आणि घरी बसलो असताना माशा पकडणारी पाल किंवा जाळ्यात त्यांना गुरफटवणारा कोळी आपले लक्ष वेधून घेतो. बिशप झालेला माणूस हे लिहितो, याचा मला फार आधार वाटतो. पास्कलने यापुढे एक पाऊल टाकले. विचार करणे हाच माणसाचा मोठेपणा आहे, वेताच्या काडीइतका दुबळा असूनही विश्वापेक्षा तो थोर ठरतो तो विचारामुळेच, असे मानणारा हा लेखक विचाराने श्रद्धा मिळेल असे मात्र म्हणत नाही. देव जाणवतो तो हृदयाला, बुद्धीला नव्हे. त्या पैजेच्या तुकड्याचा शेवट मी आधी घाईने वाचला होता. तिथे, पटूनही विश्वास ठेवता न येणाऱ्याला तो सांगतो की पवित्र पाणी घ्या, मिस्सा (चर्चमधली उपासना) करवून घ्या, विश्वास ठेवणारे जसे वागू लागले तसे वागू लागा. शरीराला वळण लागले की मनाचा अडसर सैल होतो. गुडघे टेकून केलेल्या, लक्ष नसलेल्या प्रार्थनेचाही उपयोग आहे, हे एका गणितज्ञाकडून ऐकल्यावर ती पैज मला हिशेबी वाटेनाशी झाली.

आणि त्याची स्वतःची श्रद्धा पैजेतून आलेली नव्हती. २३ नोव्हेंबर १६५४ च्या रात्री साडेदहाच्या सुमारापासून साडेबारापर्यंत जे घडले ते त्याने कागदावर लिहिले आणि कोटाच्या अस्तरात शिवून ठेवले. त्याच्या मृत्यूनंतर ते सेवकाला सापडले. ‘अग्नी’ या एका शब्दानंतर तिथे येतो अब्राहामाचा देव, इसहाकाचा देव, याकोबाचा देव, तत्त्ववेत्त्यांचा आणि विद्वानांचा नव्हे. मराठी बायबलमध्ये निर्गमाचा तिसरा अध्याय, जिथे देव मोशेला याच शब्दांत आपली ओळख देतो, तो वाचलेल्या कोणालाही ही ओळ समजावून सांगावी लागणार नाही.

आता खरेदीविषयी. मजकुराला माझे पाच तारे, या आवृत्तीला दोन. पैसे घालण्यापूर्वी ट्रॉटर यांचे जुने इंग्रजी भाषांतर प्रोजेक्ट गुटेनबर्गवर विनामूल्य वाचून पाहावे. त्यात ब्राँश्विगांचे क्रमांक आहेत. छापील प्रत घ्यायचीच असेल तर पाने शिवलेली आहेत का आणि मागे क्रमांकांचा तक्ता आहे का, हे विक्रेत्याला आधी विचारावे. ज्यांच्याकडे माझ्यासारखीच तक्ता नसलेली प्रत आहे, त्यांनी निदान एवढे मलपृष्ठाच्या आत लिहून ठेवावे, लाफ्युमा आधी आणि ब्राँश्विग नंतर : विरंगुळा १३६ म्हणजे १३९, लहानपणापासूनचा भार १३९ म्हणजे १४३, माशी ४८ म्हणजे ३६६, विचार करणारी वेताची काडी २०० म्हणजे ३४७, पैज ४१८ म्हणजे २३३, हृदयाला जाणवणारा देव ४२४ म्हणजे २७८.