लीड्सचं रॉयल आर्मरीज म्युझियम: जाउस्टिंग बघायचंय ना, मग आधी आतलं दालन बघा

ईस्टरच्या सुट्टीत पोरीला घेऊन इंग्लंडमधल्या लीड्स डॉकवरच्या रॉयल आर्मरीजला, म्हणजे शस्त्रं-चिलखतांच्या म्युझियमला, जाऊन आलो. म्युझियमला एंट्री फ्री आहे, पण बाहेरच्या मैदानात जाउस्टिंग (चिलखत घातलेले दोन घोडेस्वार भाले रोखून एकमेकांवर धावून जातात तो जुना खेळ) असतं त्याचं तिकीट वेगळं, ते आधीच बुक करा.

मागे दुसरीकडे एका जत्रेत असाच शो बघितला होता, नुसता स्पीकरचा गोंगाट आणि ठरवून पडणारे सरदार, डोक्यात काहीच शिरलं नाही. इथे आधी टूर्नामेंटचं दालन बघितलं आणि खरंच सांगतो, सगळा फरक तिथेच पडला.

मुळात हा खेळ एकास एक नव्हताच. अकराव्या-बाराव्या शतकात उत्तर फ्रान्समध्ये घोडेस्वारांच्या दोन फौजाच मोकळ्या रानात भिडायच्या, लढाईची तालीमच ती, पाय रिकिबीत रोवायचे, भाला काखेत दाबायचा आणि पळत्या घोड्याचा सगळा जोर भाल्याच्या टोकावर. हरलेल्याला पकडून त्याच्याकडून पैसे आणि घोडा घ्यायचे, विल्यम मार्शल नावाचा इंग्लंडचा सरदार तर वारशात काही नसताना यावरच मोठा झाला. माणसं मरायची म्हणून चर्चने ११३० मध्ये बंदी घातली, पण ऐकतंय कोण, इंग्लंडात रिचर्ड राजाने ११९४ मध्ये पाच जागा ठरवून फी घेऊन परवानगी दिली आणि १३१६ मध्ये पोपनेही बंदी उठवली.

मग हळूहळू जीव वाचवायच्या युक्त्या आल्या, त्या इथे अगदी जवळून दिसतात. भाल्याला एका अणीऐवजी तीन बोथट दातांचा मुकुट, म्हणजे चिलखतात घुसत नाही. दोन स्वारांच्या मधे लांब कुंपण आलं ते १४०० नंतर, घोडे एकमेकांवर आदळू नयेत म्हणून. आणि ते बेडकाच्या तोंडासारखं शिरस्त्राण! डोळ्यांची फट इतकी वर की पुढे झुकल्याशिवाय समोरचं दिसतच नाही, आणि टक्कर व्हायच्या आधी मान वर केली की डोळे वाचतात पण स्वार त्या क्षणी आंधळा. पोरगी काचेसमोर उभी राहून कितीतरी वेळ मान खाली-वर करत होती.

इंग्लंडचा राजा आठव्या हेन्रीचं १५२० चं चिलखतही इथेच आहे, ते पायी लढायचं, पण काखेत, गुडघ्यामागे, कुठेच उघडी जागा सोडलेली नाही, बघतच राहावं असं काम.

एवढं करूनही १५५९ मध्ये पॅरिसला फ्रान्सचा राजा दुसरा हेन्री मोडलेल्या भाल्याची ढलपी डोळ्यात घुसून जखमी झाला आणि दहा दिवसांनी गेला. हे वाचून मैदानात बसलो, पहिला भाला फुटला, तुकडे उडाले आणि पोरीने माझा हात घट्ट धरला.

पाच स्टार. आणि भारतातून आलेलं हत्तीचं चिलखत पण आहे इथे, ते चुकवू नका.