ठाण्यात बेस गिटारचा सेटअप करून घेतला, गडबड माझीच निघाली

आधीच सांगतो, सेटअप (म्हणजे वाजवायला नीट व्हावं म्हणून तारा, मान वगैरे जुळवणं) करून देणाऱ्या काकांचं नाव-नंबर टाकत नाहीये. त्यांनीच बजावलंय, "कुठे लिहू-बिहू नकोस, गणपतीच्या आधी इथे पाय ठेवायला जागा नसते." घंटाळीजवळ एका जुन्या बिल्डिंगमध्ये पहिल्या मजल्यावर बसतात, बाहेर पाटी नाही, पण ठाण्यात ऑर्केस्ट्रात गिटार वाजवणाऱ्या कुणालाही विचारा, पत्ता मिळेल.

माझा बेस म्हणजे साधा चार तारांचा, फेंडर कंपनीच्या प्रिसिजन मॉडेलची कॉपी. शनिवार-रविवार शोज असतात (हो, आमच्याकडे बेसला वेगळा माणूस आहे, कीबोर्डवाला डाव्या हाताने बेस वाजवून वेळ मारून नेत नाही). गेले तीन-चार महिने पहिल्या चार-पाच फ्रेटवर (मानेवरच्या आडव्या धातूच्या पट्ट्या) नुसती खरखर, आणि बाराव्याच्या पुढे गेलं की तारा एवढ्या उंच की दाबून दाबून अंगठा भरून यायचा. काकांकडे जायच्या आधी एका दुकानात दाखवला होता, त्यांनी आठशे रुपये घेऊन ॲक्शन (तारांची उंची) खाली करतो म्हणून ट्रस रॉड (नेकच्या, म्हणजे मानेच्या, आतली सळई) आवळला, त्याने खरखर वाढली, मग ती जावी म्हणून सॅडल (तारा ज्यावर टेकतात ते खालचे तुकडे) वर चढवले, आणि घ्या म्हणाले झाला सेटअप. वर काय, तर माझ्या ट्रस रॉडच्या नटला ३/१६ इंची ॲलन की लागते, म्हणजे साधारण ४.७६ मिमी, आणि त्यांनी ४.५ची मिमीवाली घालून फिरवली, त्यामुळे नटाचे कोपरे थोडे खाल्ले गेलेत. हे मला काकांनी टॉर्च मारून दाखवलं तेव्हा कळलं.

काकांचं मला सगळ्यात आवडलं ते म्हणजे त्यांनी लगेच हत्यार उचललंच नाही. छोट्या ॲम्पला लावून दिला आणि म्हणाले, वाजव, जसा शोमध्ये वाजवतोस तसाच वाजव, माझ्यासमोर नाजूकपणा नको. दहा मिनिटं नुसते ऐकत बसले. मग विचारलं, तारा कुठल्या? मी म्हटलं, काका, बोटं दुखायची म्हणून ४५-१०५ जाडीच्या काढून ४०-९५च्या हलक्या टाकल्या. आणि ट्यूनिंग? आमच्या गायकाची अर्धी गाणी पांढरी दोनमध्ये (म्हणजे डी सुरात) असतात, म्हणून मी सगळ्यात जाड चौथी तार ईवरून डीला उतरवतो. त्यावर हसलेच. "म्हणजे धोतराची गाठ तूच सैल केलीस आणि आता घसरतंय म्हणून ओरडतोयस."

मग त्यांनी जे समजावलं ते मला इतक्या वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं. ४५-१०५च्या चार तारा मिळून नेकला पाऊणशे-ऐंशी किलोनी पुढे ओढत असतात आणि आतला रॉड त्याच्या उलट जोर लावून धरतो. मी हलक्या तारा टाकल्या तिथेच ओढ पंधरा-वीस टक्के कमी झाली, रॉड मात्र जुन्याच जोरात, वरून दुकानवाल्याने अजून आवळला. नेक मागे वाकला, म्हणून सुरुवातीच्या फ्रेटवर खरखर. त्यात चौथी तार डीला उतरवली की तिचा ताण आणखी वीस टक्क्यांनी उतरतो, मग ती लोळतेच, फ्रेटवर आपटणारच. नेक बिचाऱ्यात मुळात दोष नव्हता.

काम बघण्यासारखं होतं. परत ४५-१०५ चढवल्या, सुरात आणल्या, पहिल्या फ्रेटवर कॅपो (तारा दाबून धरणारी क्लिप) लावला, शेवटचा फ्रेट बोटाने दाबला आणि सातव्या-आठव्याच्या मधे तारेवर टिचकी मारत बसले. टिक आवाज यायला हवा, म्हणजे खाली थोडी फट आहे. माझ्याकडे काहीच येत नव्हतं, तार फ्रेटला चिकटलेली. बरोबर मापाची की घालून रॉड पाव फेऱ्याहूनही कमी सैल केला, परत सुरात आणला, आणि चक्क चहा पीत बसले. लाकडाला वेळ दे म्हणे. असं तीनदा. शेवटी फट ०.३ मिमीच्या आसपास, व्हिजिटिंग कार्ड जेमतेम सरकेल एवढी. सॅडलला हात लावला तो त्यानंतरच, बाराव्या फ्रेटवर चौथी तार अडीच मिमी, पहिली दोन. मी अजून खाली करा म्हणत होतो, ते म्हणाले तू आपटून वाजवतोस, तुला परवडणार नाही. खरंय.

शेवटी इंटोनेशन, म्हणजे मानेवर कुठेही दाबलं तरी सूर बरोबर लागतो का ते. फ्रेटमुळे सूर नेमका लागतो म्हणून फेंडरने १९५१मध्ये बेसचं नाव प्रिसिजन ठेवलं, आणि माझ्या बेसवर बाराव्या फ्रेटला दाबून वाजवलेला ए तिथेच नुसता स्पर्श करून काढलेल्या हार्मोनिकपेक्षा चांगलाच चढा होता, मी आपला कान खराब झालाय समजत होतो. सॅडल थोडा मागे घेतला, जुळला.

बाराशे घेतले, तारांचे वेगळे. त्यानंतर चार शो झाले, खरखर गेली. डीला उतरवतो तेव्हा अजून थोडी येते पण ॲम्पमधून ऐकू येत नाही. काका म्हणतात पाचतारी घे, म्हणजे तार उतरवायलाच नको, मी म्हटलं आधी ऑर्केस्ट्रावाल्याकडून मागचे पैसे सुटू देत.

आता कुरकुर. बुधवारी देतो म्हणाले आणि पुढच्या सोमवारी हातात मिळाला. फोन उचलत नाहीत, डायरेक्ट जावं लागतं, आणि दुपारी एक ते पाच दार बंद. लिफ्ट नाही, हार्डकेस घेऊन अरुंद जिना चढताना दोनदा भिंतीला घासली. पिकअप, वायरिंग वगैरे करत नाहीत, स्पष्ट नाही म्हणतात. आणि बेसच्या तारा ठेवत नाहीत, फक्त गिटारच्या असतात, त्यामुळे जाताना आपला सेट घेऊन जा. मी हात हलवत गेलो आणि परत खाली उतरून भर उन्हात तारा शोधत फिरलो.