मर्ज, स्क्वॉश की रिबेस: नवख्यांसाठी नियम कोणता ठेवायचा?

गिटमधली ब्रँच (कामापुरती वेगळी काढलेली कोडची शाखा) मेनमध्ये, म्हणजे मुख्य शाखेत, घ्यायचे तीन प्रकार गिटहबच्या एकाच ड्रॉपडाउनमध्ये बसलेले असतात. नियम ठरलेला नसेल तर ज्याला जे सापडेल ते बटण तो दाबतो आणि सहा महिन्यांनी हिस्टरीची, म्हणजे बदलांच्या नोंदींची, खिचडी होते. निवड करताना ‘हिस्टरी किती सुंदर दिसते’ यावर तासन्‌तास वाद होतात. त्यापेक्षा नवख्याची चूक कोणत्या पद्धतीत स्वस्तात निस्तरते, ते आधी बघावं.

मर्ज कमिट

यात दोन्ही ब्रँच जोडणारा एक नवा कमिट (बदलांची एक नोंद) होतो, जुनं काहीच पुसलं जात नाही. कमिटचे हॅश (ओळख क्रमांक) तेच राहतात, फोर्स पुशची, म्हणजे सर्व्हरवरची ब्रँच जबरदस्तीने बदलण्याची, वेळ येत नाही, त्यामुळे शिकवायला सगळ्यात सोपं. बदल्यात ‘फिक्स’, ‘परत फिक्स’, ‘आता तरी चालेल’ असे कमिट कायमचे मेनमध्ये येतात. लॉग बघताना --फर्स्ट-पेरेंट लावलं की ते डोळ्यांआड जातात. पण गिट बायसेक्ट (बिघाड आणणारा कमिट शोधणारी आज्ञा) साधं चालवलं तर नेमकं बिल्डच न होणाऱ्या कमिटवर जाऊन थांबू शकतं.

खरी मेख रिव्हर्टमध्ये, म्हणजे बदल मागे घेण्यात, आहे. मर्ज मागे घ्यायला गिट रिव्हर्ट -एम 1 लागतं. त्यानंतर त्याच ब्रँचवर दुरुस्ती करून पुन्हा मर्ज केलं, तर फक्त दुरुस्ती येते, मूळ काम येत नाही. गिटच्या लेखी ते कमिट आधीच मेनमध्ये आहेत. म्हणून आधी त्या रिव्हर्टचाच रिव्हर्ट करावा लागतो.

रिबेस

यात आपले कमिट ताज्या मेनवर एकेक करून नव्याने लावले जातात. सरळ रेषेतली, एकेक कमिट वाचण्याजोगी हिस्टरी हवी असेल तर याला तोड नाही. लिनक्स कर्नलसारख्या प्रकल्पात प्रत्येक पॅच स्वतंत्रपणे तपासला जातो. तिथे पॅच नीट लावून पाठवणं हे कामच आहे. नवखा मात्र इथे तीन ठिकाणी हमखास अडकतो.

पहिलं, कॉन्फ्लिक्ट (दोन बाजूंनी एकाच जागी केलेल्या बदलांची टक्कर) एकदाच सोडवून भागत नाही. तीच ओळ पाच कमिटमध्ये बदलली असेल तर पाचदा सोडवावा लागू शकतो. दुसरं, रिबेस चालू असताना ‘अवर्स’ म्हणजे मेनची बाजू आणि ‘देअर्स’ म्हणजे आपलं काम, मर्जच्या बरोबर उलट. ‘आपलं’ समजून अवर्स निवडलं की आपलेच बदल गेले. तिसरं सगळ्यात जास्त दिसतं: रिबेसनंतर पुश नाकारलं जातं, गिट स्वतःच ‘आधी पुल करा’ (सर्व्हरवरचे बदल आत घ्या) असं सुचवतं, आणि बिचारा ते ऐकतो. पुल मर्ज पद्धतीने झालं की जुने आणि नवे असे एकाच कामाचे दोन-दोन कमिट ब्रँचवर येतात.

तिथे हवं असतं पुश --फोर्स-विथ-लीज. साधा --फोर्स दुसऱ्याने टाकलेलं कामही उडवतो. लीज असेल तर रिमोट (सर्व्हरवरची प्रत) पुढे गेलेला दिसताच पुश थांबतं. एडिटर पाठीमागे आपोआप फेच करत (रिमोटची ताजी स्थिती उतरवून घेत) असेल तर मात्र हे कवच पातळ होतं. काही हरवलंच तर रिफ्लॉग (ब्रँच आधी कुठे होती याची गिटची नोंदवही) आहे, पण ब्रँचवरून सुटलेल्या कमिटच्या नोंदी मुळातल्या सेटिंगनुसार 30 दिवसच टिकतात. कमिटच न केलेलं काम तिथे मिळत नाही.

स्क्वॉश

एक पुल रिक्वेस्ट (ब्रँच मेनमध्ये घेण्याची विनंती), मेनवर तिचे सगळे कमिट मिळून एकच कमिट. रिव्हर्ट सरळ, रिलीज ब्रँचवर चेरी-पिक (तेवढाच कमिट उचलून लावणं) सरळ, आणि नवख्याचे ‘परत फिक्स’ आपोआप गायब. ब्रँच अद्ययावत करायला रिबेस न करता मेन आत मर्ज केला तरी चालतं, शेवटी सगळं एकच होतं.

अडचण ब्रँच पुन्हा वापरली की येते. स्क्वॉशचा कमिट नवा असतो, जुन्या कमिटशी त्याचं नातं गिटला कळत नाही. त्याच ब्रँचवर पुढचं काम केलं तर नव्या पुल रिक्वेस्टमध्ये मागचे बदलही परत दिसतात. ‘पहिली’ ब्रँचवरून ‘दुसरी’ काढली असेल तरी तेच; तेव्हा गिट रिबेस --ऑनटू मेन पहिली दुसरी हा उपाय. लोकल ब्रँच पुसताना छोटा -d चालत नाही, मोठा -D द्यावा लागतो. आणि हजार ओळींचा स्क्वॉश झाला, तर बायसेक्टने दोषी कमिट दाखवूनही हजार ओळी वाचायच्याच.

मग काय ठरवायचं?

नवखे सतत येत असतील तर आम्ही स्क्वॉश सुचवतो. रेपॉझिटरीच्या सेटिंगमध्ये बाकी दोन पर्याय बंद करा, मेनवर थेट पुश अडवा, मर्ज झालेली ब्रँच आपोआप पुसली जाईल असं ठेवा. वाचून पाळायच्या नियमापेक्षा हे पक्कं. कमिटचा मजकूर पुल रिक्वेस्टचं शीर्षक आणि वर्णन यांवरून घ्यायचं सेटिंग आहे, तेही लावा, नाहीतर ‘परत फिक्स’ची यादी मजकुरात उतरते. लिहायचे नियम मग दोनच उरतात: प्रत्येक कामाला ताज्या मेनवरून नवी ब्रँच, आणि पुल रिक्वेस्ट साधारण 300–400 ओळींच्या आत.

अपवाद एकच. गिट फ्लोसारखी डेव्हलप आणि मेन अशी दोन कायमची ब्रँच असतील, तर त्यांच्यात स्क्वॉश करू नका. दोन्हींचा सामाईक पूर्वज पुढे सरकतच नाही, आणि दर रिलीजला तेच कॉन्फ्लिक्ट नव्याने सोडवत बसावे लागतात. तिथे मर्ज कमिटच हवा, आणि तो पर्याय जुन्या जाणत्यांच्याच हाती ठेवा.